सीएंची इन्स्टिट्यूट नेमकी कोणाची?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत यंदा हिशेबावरून चांगलीच खडाजंगी झाली. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च दोनदा टाकलाय, असं काही सभासदांचं म्हणणं होतं. सेक्रेटरींनी ताळेबंद दाखवला आणि म्हणाले, "खाली सीएची सही आहे, आणखी काय पाहिजे?" त्यावर एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, "मग मी इन्स्टिट्यूटकडे जातो." ही इन्स्टिट्यूट म्हणजे काय? सरकारी खातं, कॉलेज, की सीए लोकांची युनियन? आणि आमच्यासारख्यांनी तिच्याकडे गेलं तर काही होतं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही दिलेल्या तिन्ही पर्यायांत थोडं थोडं तथ्य आहे. ती परीक्षा घेते, म्हणून कॉलेजासारखी वाटते. तिचे बहुतेक कारभारी सीएच मतदान करून निवडतात, म्हणून युनियनसारखी. आणि तिचा जन्म कायद्यातून झालाय, म्हणून सरकारी. पण तिचं खरं काम तुमच्या सेक्रेटरींच्याच वाक्यात आहे. "सीएची सही आहे" एवढं म्हटलं की वाद मिटेल, असं त्यांना वाटलं, कारण त्या सहीला बाजारात पत आहे. ही पत राखायची जबाबदारी द इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया या संस्थेकडे दिलेली आहे. परीक्षा, नियम, चौकशा, सगळं त्यासाठी.

या गोष्टीची सुरुवात बरीचशी आपल्या मुंबईतच झाली. 1913 च्या कंपनी कायद्याने हिशेब तपासणाऱ्याकडे सरकारी दाखला हवा असं ठरवलं, पण तो मिळवायचा कसा याची धड सोय नव्हती. विलायतेहून पात्रता मिळवून आलेले थोडे लोक होते; बाकीच्यांचा भरवसा अनुभवावर. मग 1918 मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सीची पदविका सुरू केली. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, परीक्षा द्यायची आणि मग देशभर ऑडिट करायचा परवाना मिळायचा. आजच्या आर्टिकलशिपचं मूळ हेच. मद्रासच्या आर. शिवभोगम 1933 मध्ये ही पदविका मिळवून देशातल्या पहिल्या महिला लेखापाल झाल्या.

1930 च्या दशकात लेखापालांची अधिकृत नोंदवही सरकारने ठेवायला घेतली आणि तिच्यात नाव असलेले लोक स्वतःला 'रजिस्टर्ड अकाउंटंट' म्हणवू लागले. म्हणजे कोण लायक आणि कोण नालायक, हे सरकारच ठरवत होतं. व्यवसायातल्या लोकांना ते खटकत होतं. आमचं काम आम्हाला कळतं, आमची शिस्त आम्ही लावू, अशी मागणी होती. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ती उचलून धरली. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला आणि 1 जुलै 1949 पासून लागू झाला. राज्यघटना अमलात यायला तेव्हा अजून सहा-सात महिने होते. संविधान सभाच कायदेमंडळ म्हणूनही बसत होती. दर 1 जुलैला सीए मंडळी एकमेकांना शुभेच्छा देताना दिसतात, त्या या वाढदिवसाच्या. पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कपाडिया. सुरुवातीला सभासद सुमारे 1,700 होते. आज चार लाखांच्या पुढे आहेत.

या कायद्यात एक देवाणघेवाण आहे, आणि इन्स्टिट्यूट समजून घ्यायची तर ती आधी समजली पाहिजे. समाजाने, म्हणजे कायद्याने, सीएंना एक मक्तेदारी दिली. कंपनीच्या हिशेबांवर ऑडिट अहवालाची सही त्यांनीच करायची, प्राप्तिकरातला टॅक्स ऑडिट त्यांनीच करायचा. दुसऱ्या कोणी केला तर तो चालत नाही. याच्या बदल्यात सीएंनी मान्य केलं की आमच्यात कोण येणार, कसं वागणार आणि चुकलं तर बाहेर कसं जाणार, हे आम्ही कडकपणे पाहू. मक्तेदारीचा भाग सीएंना अर्थातच फार आवडतो. दुसऱ्या भागाबद्दल पुढे बोलू.

कोण येणार, हे ठरवण्याचं काम इन्स्टिट्यूट मनापासून करते, यात शंका नाही. फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि एकूण किमान 50 टक्के, ही दुहेरी अट. एकेका विषयात जेमतेम तरलेला विद्यार्थी एकूण बेरजेत बुडतो. "एक ग्रुप निघाला, दुसरा अडकला" हे वाक्य तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात वर्षानुवर्षं ऐकू येत असेल. आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आणली. माझ्या मते हा बदल फारसा बरा नव्हे. व्हाउचर तपासता तपासता, गोदामात उभं राहून पोती मोजता मोजता जे कळतं, ते वर्गात कळत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे: कित्येक फर्ममध्ये आर्टिकल म्हणजे स्वस्तातला कारकून. तिसरं वर्ष अशा ठिकाणी काढून मुलाचं काय भलं होत होतं, हाही प्रश्नच.

कसं वागणार, याचे नियम कायद्याच्याच परिशिष्टांत आहेत आणि त्यांतले काही बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतील. सीएने नफ्याच्या टक्केवारीवर फी ठरवायची नाही. मोजके अपवाद सोडले तर "तुमचा जेवढा टॅक्स वाचवीन त्याच्या दहा टक्के मला" असा सौदा करणारा सीए गैरवर्तन करत असतो. काम आणून देणाऱ्या दलालाला कमिशन द्यायचं नाही. आणि एक नियम मला फार मार्मिक वाटतो: एखाद्या कंपनीने जुना ऑडिटर बदलून नवा नेमला, तर नव्याने काम स्वीकारण्याआधी जुन्याला लेखी कळवायचं. वरवर पाहता हा शिष्टाचार. प्रत्यक्षात हा इशाऱ्याचा रस्ता आहे. जुन्या ऑडिटरने मालकाची काही लबाडी पकडली, म्हणून त्याला हाकललं असेल, तर नव्याला ते कळायची ही एकमेव वेळ असते. जुन्याने उत्तरात खरं लिहिलं आणि नव्याने ते नीट वाचलं, तर पुष्कळ घोटाळे तिथेच अडतील. व्यवहारात हे पत्र बहुधा उपचार म्हणून जातं आणि "आमची हरकत नाही" अशा एका ओळीवर विषय संपतो.

आणखी एक मर्यादा आहे. एका सीएला वर्षाला 60 पेक्षा जास्त टॅक्स ऑडिट करता येत नाहीत. ही मर्यादा इन्स्टिट्यूटनेच घातली. काही सीएंनी ती धंद्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे म्हणून न्यायालयात नेली; सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ती योग्य ठरवली. एका माणसाने दोन-तीन महिन्यांच्या हंगामात शेकडो वह्या तपासल्या, असं सांगितलं, तर त्याने त्या उघडून तरी पाहिल्या का, हा प्रश्न कुणालाही पडेल.

आता चुकलं तर बाहेर कसं काढतात, हा भाग. तुमचे ज्येष्ठ सभासद ज्याच्या जोरावर बोलले तो.

सीएविरुद्ध कोणीही तक्रार करू शकतो. त्याचा अशील असायलाच हवं, असं नाही. तक्रार ठरावीक नमुन्यात, फी भरून, पुराव्यांसह इन्स्टिट्यूटच्या शिस्त संचालकांकडे जाते. ते त्या सीएकडून लेखी खुलासा मागवतात, त्यावर तक्रारदाराचं म्हणणं घेतात आणि सकृद्दर्शनी काही तथ्य आहे का, ते ठरवतात. तथ्य असेल तर प्रकरण पुढे जातं. जाहिरातबाजी किंवा दलाली यांसारखे दोष शिस्त मंडळाकडे जातात. घोर निष्काळजीपणा, अशिलाची गुपितं फोडणं, चुकीचं माहीत असून गप्प बसणं यांसारखे गंभीर दोष शिस्त समितीकडे. शिक्षा ताकिदीपासून दंडापर्यंत आणि नोंदवहीतून नाव ठरावीक काळासाठी वा कायमचं काढून टाकण्यापर्यंत असू शकते. नाव गेलं की सही गेली. सीएचं पोट सहीवर असतं, त्यामुळे तुमच्या ज्येष्ठ सभासदांचा इशारा अगदीच पोकळ नव्हता.

यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. तक्रार एकदा दाखल झाली की ती मागे घ्यायलाही परवानगी लागते. म्हणजे सीएने तक्रारदाराच्या हातात चार पैसे ठेवले आणि तक्रारदाराने "आमचं मिटलं" असं लिहून दिलं, की चौकशी आपोआप संपते, असं नाही. कायदा असं मानतो की इथे दोन माणसांचं भांडण चाललेलं नाही, सहीच्या पतीचा प्रश्न आहे.

एवढं सगळं कागदावर चोख असताना मग तक्रार कशाबद्दल? वेगाबद्दल, आणि घरच्या न्यायाबद्दल. इन्स्टिट्यूटच्या मध्यवर्ती परिषदेत जास्तीत जास्त 40 सभासद असतात. त्यांतले 32 सीएंनी निवडलेले आणि 8 केंद्र सरकारने नेमलेले. जो निवडून येतो त्याला पुढच्या वेळी त्याच मतदारांपुढे जायचं असतं. गावच्या सरपंचाने गावातल्याच थकबाकीदारांची घरपट्टी वसूल करावी, तशी ही अडचण. अशक्य नाही, पण हात जड होतो.

ही अडचण सत्यमच्या वेळी देशाला दिसली. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेली 5,040 कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे तपासणं ऑडिटमधलं पहिलं पाऊल. आर्टिकलच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही बँकेकडून शिल्लक पुष्टीचं पत्र थेट मागवायला शिकतो. ते पाऊल जगप्रसिद्ध नावाच्या फर्मकडून वर्षानुवर्षं चुकलं. एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवलं, त्यात कंपनीचे दोन ऑडिटरही होते. इन्स्टिट्यूटनेही कारवाई केली, पण लोकांच्या मनात राहिलं ते हे, की पत्र राजूंनी स्वतःहून लिहिलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं.

याचा परिणाम कायद्यात उतरला. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 132 आलं: ऑडिटरांवर देखरेख करणारं स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण असावं. सीएंच्या संस्थेने त्याला जोरदार विरोध केला आणि ते कलम काही वर्षं कागदावरच राहिलं. फेब्रुवारी 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेतला नीरव मोदी घोटाळा फुटला आणि लगेच 1 मार्चला केंद्रीय मंत्रिमंडळाने प्राधिकरणाला मंजुरी दिली. 1 ऑक्टोबर 2018 पासून ते अस्तित्वात आहे; त्याला एनएफआरए म्हणतात. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि काही मोठ्या न नोंदलेल्या कंपन्यांच्या ऑडिटरांची गैरवर्तनाची चौकशी आता तिथे चालते. एकदा त्यांनी प्रकरण हाती घेतलं की इन्स्टिट्यूटने त्यात हात घालायचा नाही. एनएफआरए फर्मला फीच्या 10 पटींपर्यंत दंड करू शकतं आणि 10 वर्षांपर्यंत काम बंद करू शकतं. पुढे 2022 मध्ये संसदेने इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या शिस्त समितीचा प्रमुखही सीए नसलेला असावा, अशी दुरुस्ती मंजूर केली.

त्यामुळे माझं मत विचाराल तर असं: परीक्षा घेण्यात आणि हिशेबाचे व ऑडिटचे मानक नियम लिहिण्यात ही संस्था उत्तम आहे. आपल्या कंपन्यांचे ताळेबंद परदेशी गुंतवणूकदाराला वाचता येतात, त्यामागे हिशेबाची मानकं लिहिण्याचं तिचं कित्येक दशकांचं काम आहे. आपल्याच माणसाला शासन करण्यात मात्र ती संथ राहिली, आणि म्हणून मोठ्या कंपन्यांची चावी तिच्या हातून अर्धी काढून घेतली गेली. ते योग्यच झालं.

आता तुमची पाण्याची टाकी. आधी ताळेबंदाखालची सही नीट पाहा. महाराष्ट्रात सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण शासनाच्या नामतालिकेवरचा लेखापरीक्षक करतो, आणि तो सीएच असतो असं नाही. प्रमाणित लेखापरीक्षकही असतो. सही करणारा प्रमाणित लेखापरीक्षक असेल तर इन्स्टिट्यूटचा त्याच्याशी काही संबंध नाही. सेक्रेटरी 'सीए' म्हणाले ते सवयीने म्हणाले असण्याची शक्यता आहे. सीए असेल तर सहीखाली सभासद क्रमांक आणि फर्मचा नोंदणी क्रमांक दिसेल. आपल्या पश्चिम विभागातल्या फर्मच्या क्रमांकाच्या शेवटी 'डब्ल्यू' अक्षर असतं.

दुसरं, हिशेब लिहिणं आणि खर्च मंजूर करणं ही व्यवस्थापक समितीची जबाबदारी. ऑडिटर त्यावर मत देतो. त्याने अहवालात दोन्ही बिलांवर शेरा मारलेला असेल आणि समितीने तो सभेत वाचूनच दाखवला नसेल, तर तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. अहवाल पूर्ण मागा, फक्त ताळेबंद नव्हे. दोषदुरुस्ती अहवाल समितीने दिला का, तेही विचारा. खर्च खरोखर दोनदा पडला असेल तर उपनिबंधकांकडे जा, कारण पैसे परत मिळवायची किंवा हिशेब पुन्हा तपासून घ्यायची वाट तिथून जाते. इन्स्टिट्यूट तुमचा एक रुपयाही वसूल करून देत नाही आणि ऑडिट रद्दही करत नाही. ती फक्त त्या सीएने आपलं काम सचोटीने आणि काळजीने केलं का, एवढंच पाहते. आणि सात वर्षांपेक्षा जुनी बाब असेल तर पुरावे जमवणं अवघड म्हणून ती घ्यायला नकारही देऊ शकते.

प्रश्न : वकील, डॉक्टर, क्लासवाले सगळ्यांचे फलक दिसतात. सीएची जाहिरात कधी दिसत नाही. इतका विनय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विनय नव्हे, बंदी. अशील मिळवण्यासाठी जाहिरात किंवा विनंती करणं हे सीएसाठी गैरवर्तन आहे. (वकिलांनाही ती बंदी आहे, तुम्हाला दिसले ते फलक कसले, ते पुन्हा पाहा.) नावाची साधी पाटी चालते. मर्यादित माहिती देणारं संकेतस्थळही चालतं, पण ते लोकांनी शोधत यावं, सीएने लोकांच्या अंगावर ढकलू नये, असा संकेत. कारण सरळ आहे. ज्याने मालकाला 'नाही' म्हणायचं, त्याने मालकाच्या दारात काम मागत उभं राहू नये. हल्ली मोठ्या बहुराष्ट्रीय फर्म सल्लागार कंपनीच्या नावाने चकचकीत जाहिराती करतात आणि छोट्या गावातल्या सीएला दिवाळीच्या शुभेच्छांचा फलक लावतानाही दहादा विचार करावा लागतो, ही छोट्यांची तक्रार मला रास्त वाटते.

प्रश्न : गाड्यांच्या काचेवर सीएचं चिन्ह असतं, त्यातली बरोबरची खूण उलटी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑडिटला बसलेला माणूस वह्यांतल्या प्रत्येक नोंदीपुढे खूण करत जातो. अशिलाच्या कारकुनानेही त्याच वहीत आपल्या सरळ खुणा केलेल्या असतात. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ऑडिटरची खूण वेगळी, उलटी. ती सवय चिन्हात आली. आता वह्याच संगणकात गेल्या, खूण तेवढी काचेवर उरली.

प्रश्न : कर्जासाठी बँकेने सीएचा दाखला मागितला. एक ओळखीचा 500 रुपयांत 'करून देतो' म्हणाला. घ्यावा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : अजिबात नको. खोट्या शिक्क्यांनी आणि खोट्या सह्यांनी दिलेले असे दाखले पूर्वी बँकांत ढिगाने यायचे. म्हणून इन्स्टिट्यूटने 2019 पासून प्रत्येक दाखल्यावर आणि ऑडिट अहवालावर एक 18 स्थानांचा क्रमांक सक्तीचा केला. त्याला यूडीआयएन म्हणतात. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सभासद क्रमांकाचे, उरलेली दहा अक्षरं-अंक संगणकाने दिलेले. हा क्रमांक फक्त व्यवसाय करणाऱ्या सीएलाच इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरून काढता येतो, आणि बँकेला तो तिथेच पडताळता येतो. तुमच्या ओळखीच्याने दिलेला दाखला पहिल्या दहा मिनिटांत पकडला जाईल आणि अर्जावर सही तुमची असेल.

खऱ्या सीएकडून दाखला घेतलात तरी हा क्रमांक आहे का, ते पाहा, आणि बँकेत जाण्याआधी स्वतः यूडीआयएन पोर्टलवर टाकून बघा. मोबाइल नंबर वगैरे भरावा लागतो, पैसे लागत नाहीत. तिथे दाखवलेली तारीख, दाखल्याचा प्रकार आणि रकमा तुमच्या हातातल्या कागदाशी जुळल्या नाहीत, तर तो कागद बँकेत देऊ नका.